भाकीत बाजारासाठी आपले प्रश्न: निकाल कसा लागणार ते आधी लिहू या

पर्जन्यमापक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

भाकितांचे ऑनलाइन बाजार आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहेत. एखादी गोष्ट ठरलेल्या तारखेपर्यंत घडेल की नाही, यावर लोक आपापला अंदाज लावतात. सगळ्यांच्या खरेदी-विक्रीतून जो भाव ठरतो तो त्या गोष्टीची शक्यता म्हणून वाचायचा. 'हो'चा भाव ६५ असेल तर बाजाराच्या मते शक्यता ६५ टक्के. आयोवा विद्यापीठाने १९८८ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर असा बाजार चालवला, तिथून ही कल्पना आजच्या रूपात पसरली. मेटाक्युलसवर पैसा मुळीच नसतो, भाकीत करायचं आणि गुण मिळवायचे. मॅनिफोल्डवर 'माना' नावाचं खेळातलं चलन असतं. हा धागा फक्त या बिनपैशाच्या ठिकाणांसाठी आहे, खऱ्या पैशाचा विषय कृपया इथे आणू नये.

या ठिकाणी अमेरिकेच्या राजकारणावर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रश्नांचा ढीग असतो. उजनी कधी भरेल, लासलगावला कांदा काय भावाने जाईल, मुंबईत मोसमी पाऊस कधी पोचेल, हे प्रश्न क्वचितच दिसतात. ही माहिती ज्यांच्या रोजच्या जगण्यातली आहे अशी माणसं इथे आपल्यात आहेत. म्हणून आपण मिळून काही प्रश्न तयार करावेत आणि तिथे मांडावेत, असं मला फार वाटतं. सवय लागली तर आपल्याच अंदाजांचा हिशोबही राहील. 'मी म्हटलंच होतं' हे मागाहून सगळेच म्हणतात.

अडचण प्रश्न सुचण्याची नाही, निकाल लावण्याची आहे. एकच उदाहरण देतो. '२६ जुलै २००५ ला मुंबईत ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडेल का?' असा प्रश्न कोणी २५ तारखेला विचारला असता, तर उत्तर काय धरायचं? सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला. कुलाब्याला ७३. दोन्ही वेधशाळा मुंबईतच. शिवाय हवामान खातं पाऊस मोजतं तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा, आणि २४ तास ज्या दिवशी संपतात त्या दिवसाच्या नावावर लिहितं. म्हणजे ज्या पावसाला अख्खं राज्य 'सव्वीस जुलै' म्हणतं, तो नोंदवहीत २७ जुलैचा आहे. वेधशाळा कोणती आणि तारीख कोणाची, हे दोन शब्द प्रश्नात नसते तर 'हो' म्हणणारे आणि 'नाही' म्हणणारे दोघेही खरे ठरले असते.

मोठ्या बाजारांनाही हे चुकलेलं नाही. २००६ मध्ये आयर्लंडच्या ट्रेडस्पोर्ट्सवर प्रश्न होता की उत्तर कोरिया ३१ जुलैपर्यंत आपल्या हवाई हद्दीबाहेर जाणारं क्षेपणास्त्र डागेल का. जुलैच्या सुरुवातीलाच क्षेपणास्त्रं डागली गेली, जगभर बातम्या झाल्या. पण नियमात पुष्टी अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून हवी असं लिहिलेलं होतं आणि त्या खात्याने नेमकं तसं विधान केलं नाही. निकाल 'नाही' लागला. ज्यांचं भाकीत घटनेच्या बाबतीत अचूक होतं ते हरले.

तर सुरुवात म्हणून तीन कच्चे प्रश्न ठेवतो. उजनी यंदा १५ ऑगस्टपर्यंत भरेल का? दिवाळीच्या आसपास लासलगावला कांदा ३,००० च्या वर जाईल का? मोसमी पाऊस १० जूनच्या आत मुंबईत पोचेल का? मुद्दाम ढोबळ ठेवलेत. जाणकारांनी फोडून काढावेत.

कालवाकाठ

उत्तम धागा. पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, त्यामुळे उजनीवर मीच बोलतो.

'भरेल का' याचा अर्थ उजनीच्या बाबतीत फार सांभाळून लिहावा लागेल. या धरणाचा मृतसाठा (तळाचं, एरवी न वापरायचं पाणी) ६३.६६ टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, आणि त्याच्या वरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. पेपरात जी टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची. पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं, तेव्हाही धरणात ३१ टीएमसीहून जास्त पाणी होतंच. बाहेरगावच्या माणसाला 'उणे साठ टक्के' हे समजतच नाही, तो प्रश्न वाचून गोंधळेल. दुसरं टोक असं की उजनी १०० टक्क्यांवर थांबत नाही. १११ टक्के म्हणजे १२३ टीएमसीच्या आसपास पाणी धरलं जातं आणि सोलापूरकर 'धरण भरलं' म्हणतात ते बहुधा त्याला. शंभरला भरलं की एकशे अकराला? दोन्हींत साडेपाच-सहा टीएमसीचा फरक आहे.

तेव्हा प्रश्नात टक्के नकोतच. एकूण साठा टीएमसीमध्ये लिहा: 'उजनी धरणाचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी किंवा त्याहून जास्त'.

कोयनेचा प्रश्न कोणी घेणार असेल तर तिथेही हेच. एकूण क्षमता १०५.२५, त्यातला पाचेक टीएमसी मृतसाठा. 'कोयनेत १०० टीएमसी होईल का' या प्रश्नात एकूण साठा धरला तर धरण पंचाण्णव टक्के भरायचं आहे, उपयुक्त धरला तर जवळजवळ काठोकाठ. प्रश्न तोच, अवघडपणा वेगळा.

निफाडकर

कांद्याबद्दल लिहितो. मी शेतकरी आहे, माल लासलगावला आणि विंचूरला दोन्हीकडे नेतो.

'कांदा ३,००० च्या वर' म्हणजे कोणता भाव? बाजार समिती रोज तीन आकडे देते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल भाव एखाद्या निवडक ट्रॅक्टरला मिळतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते 'कांदा चार हजारांवर', आणि माझ्यासारख्याच्या हातात पडतात बावीसशे. निकाल सर्वसाधारण भावावरच लागला पाहिजे. शिवाय दिवाळीच्या सुमाराला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो आणि लाल कांदा यायला लागलेला असतो. दोन्हींचे भाव वेगळे छापले जातात. कोणता ते लिहा. लासलगाव म्हणजे मुख्य आवार, उपबाजार वेगळे. क्विंटलचा भाव हेही लिहा, शहरातला माणूस किलोचा समजेल.

आणि लिलावच बंद असले तर? दिवाळीत काही दिवस बंद असतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी पुन्हा बंद ठेवले. ठरलेल्या तारखेला भावच निघाला नाही तर निकाल काय लावणार? एका दिवसाचा भाव धरूच नका. तीन-चार आठवड्यांची मुदत ठेवा आणि त्यात निदान पाच लिलावांच्या दिवशी सर्वसाधारण भाव ३,००० किंवा वर निघाला पाहिजे असं काहीतरी करा.

मृण्मयी_सो

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडते. पावसावर पैसे लावण्याची चाल मुंबईत एकोणिसाव्या शतकातही होती. तुम्ही 'माना' म्हणा की गुण म्हणा, सवय तीच लागते. मी शाळेत शिकवते, नववी-दहावीच्या मुलांच्या हातात ही ॲप काय करतात ते पाहिलं आहे. शेतकऱ्याच्या भावावर कोणीतरी घरी बसून 'हो-नाही' खेळावं हे मला पटत नाही.

वकिलीचष्मा

मृण्मयीताई, तुमची काळजी रास्त आहे आणि कायद्यानेही ती मान्य केली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे व्यवहार हाताळणं यांना बंदी आहे. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये सेबीनेही मत-व्यापाराच्या (घटनांवर 'हो-नाही'चे पैसे लावायच्या) ॲपबद्दल गुंतवणूकदारांना सावध केलं होतं. तेव्हा धागाकर्त्याने पैशाचा विषय पहिल्याच परिच्छेदात बाहेर ठेवला ते योग्य केलं. ज्या ठिकाणी पैसे भरावे लागत नाहीत आणि काढताही येत नाहीत, तिथेच हे करावं.

आता प्रश्नांकडे. राजकारणाचे प्रश्न कोणी आणणार असेल तर २०१९ आठवा. निकाल लागला २४ ऑक्टोबरला. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट. २३ नोव्हेंबरला सकाळी फडणवीसांचा शपथविधी, २६ ला राजीनामा, २८ ला शिवाजी पार्कवर ठाकरेंचा शपथविधी. 'निवडणुकीनंतर मुख्यमंत्री कोण होईल?' या प्रश्नाचा निकाल काय? पहिली शपथ धरली तर फडणवीस. वर्षअखेरीस पदावर कोण होतं हे धरलं तर ठाकरे. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण प्रश्नच अर्धा आहे. 'निकालानंतर सर्वांत आधी शपथ घेणारी व्यक्ती' किंवा 'अमुक तारखेला दुपारी १२ वाजता पदावर असलेली व्यक्ती', यातलं एक लिहायलाच हवं.

पक्षाचं नावही तसंच. 'शिवसेनेला ५० पेक्षा जास्त जागा मिळतील का' हा प्रश्न २०२१ साली कोणी दीर्घ मुदतीचा म्हणून मांडला असता तर २०२४ मध्ये काय केलं असतं? निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. विधानसभेत त्यांना ५७ जागा मिळाल्या, ठाकरे गटाला २०. म्हणून दीर्घ मुदतीच्या प्रश्नात 'पक्ष फुटला, विलीन झाला, नाव बदललं तर आयोगाच्या यादीत त्या नावाने जो पक्ष असेल तो धरला जाईल' अशी ओळ आधीच घालावी. करारनामा लिहिताना आम्ही हेच करतो, जे घडू नये असं वाटतं त्याचीही सोय लिहून ठेवतो.

पर्जन्यमापक

मृण्मयीताई, तुमचा प्रतिसाद इथे हवाच होता. माझ्या बाजूने एवढंच सांगतो. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे असं लिहिलं गेलं. शर्मन केंट या विश्लेषकाने नंतर अहवाल लिहिणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, तुमच्या मनात आकडा काय होता? कोणी २० टक्के म्हणालं, कोणी ८०. एका खोलीत बसून एका वाक्यावर सही केलेली माणसं होती ती. 'पाऊस बरा होईल', 'भाव सुधारतील' ही वाक्यं आपण रोज ऐकतो आणि त्यांच्यावर पेरणी ठरते, कांदा चाळीत ठेवायचा की विकायचा ते ठरतं. बोलणाऱ्याच्या मनात किती टक्के आहेत हे कोणीच विचारत नाही. ते विचारायची सवय लागावी म्हणून हा खटाटोप आहे. शाळकरी मुलांना यात ओढू नये हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य.

कालवाकाठ काका, टीएमसीचा मुद्दा घेतला. निफाडकर दादा, पाच लिलावांची अट फारच चांगली आहे.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत असतो, मेटाक्युलसवर बरीच वर्षं भाकितं करतो. दोन-तीन गोष्टी अनुभवातून सांगतो.

पहिली म्हणजे वेळ. 'वर्षअखेरपर्यंत' असं लिहून चालत नाही. अमेरिकी बाजारांत बहुधा ३१ डिसेंबर रात्री ११:५९ ईस्टर्न वेळ असते, म्हणजे भारतात १ जानेवारीची सकाळ १०:२९. आपल्या प्रश्नांत 'भारतीय प्रमाणवेळ' हे शब्द दर वेळी घाला. क्रिकेटचा प्रश्न असेल तर तारीख नको, सामना धरा. २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना ९ जुलैला सुरू झाला आणि पावसामुळे १० तारखेला संपला. '९ जुलैला भारत जिंकेल का' असं लिहिलं असतं तर वाद झाला असता.

दुसरी, कोणताही प्रश्न नुसता डोळ्यांनी बघून सुटेल असं समजू नका. २०२५ मध्ये पॉलीमार्केट या मोठ्या भाकीत बाजारावर प्रश्न होता की झेलेन्स्की जुलैच्या आत सूट घालतील का. जूनमध्ये हेगच्या नाटो परिषदेत ते काळं जाकीट आणि पँट घालून आले. अनेक वृत्तसंस्थांनी 'सूट' म्हटलं, बाकीच्यांनी नाही म्हटलं. वीस कोटी डॉलरहून जास्त उलाढाल झालेल्या त्या प्रश्नाचा निकाल शेवटी टोकनधारकांच्या (वादाचा निकाल लावणारं डिजिटल चलन ज्यांच्याकडे आहे त्यांच्या) मतदानाने 'नाही' असा लागला. सूट म्हणजे काय हे प्रश्नात कुठेच नव्हतं.

माझी कसोटी अशी असते. भविष्यातलं सगळं दिसणारी एक व्यक्ती आहे असं समजा. ती तुमच्या मनातलं मात्र ओळखू शकत नाही, फक्त लिहिलेलं वाचू शकते. तिला तुम्हाला उलट एकही प्रश्न न विचारता उत्तर देता आलं पाहिजे. 'उजनी भरेल का' म्हटलं की ती विचारेल, भरणं म्हणजे किती? 'मुंबईत मोसमी पाऊस पोचेल का' म्हटलं की विचारेल, कोणी सांगितलं म्हणजे पोचला?

गुणांबद्दल नवीन मंडळींसाठी थोडं सांगतो. १९५० मध्ये ब्रायर या हवामानतज्ज्ञाने काढलेली पद्धत सर्वांत सोपी. घटना घडली तर १ धरायचा, नाही घडली तर ०. ८० टक्के म्हणालात आणि घटना घडली तर चूक ०.२, तिचा वर्ग ०.०४. तीच घडली नाही तर चूक ०.८, वर्ग ०.६४. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. फिलिप टेटलॉक यांच्या 'गुड जजमेंट प्रोजेक्ट'मध्ये २०११ ते २०१५ या काळात हजारो सामान्य लोकांची भाकितं याच मापाने तोलली गेली.

पर्जन्यमापक

'कोणी सांगितलं म्हणजे पोचला', बरोबर इथेच मोसमी पावसाचा प्रश्न अडतो. माझ्या आवडीचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केरळातल्या आगमनाचे निकष हवामान खात्याने आकड्यांत लिहून ठेवले आहेत. १० मेनंतर मिनिकॉय, अमिनी, तिरुवनंतपुरमपासून मंगळुरूपर्यंतच्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिमी किंवा जास्त पाऊस हवा. त्यासोबत पश्चिमी वारे ६०० हेक्टोपास्कलच्या (हवेच्या दाबाचं एकक, त्यावरून उंचीचा थर सांगतात) थरापर्यंत खोल असावेत, ९२५ हेक्टोपास्कलला त्यांचा वेग १५ ते २० नॉट असावा, आणि ढगांवरून बाहेर जाणारं दीर्घलहरी उत्सर्जन चौरस मीटरला २०० वॅटच्या खाली असावं. इतके नेमके निकष असूनही २०२२ मध्ये खात्याने २९ मेला आगमन जाहीर केलं तेव्हा स्कायमेट या खासगी संस्थेने निकष पूर्ण झालेले नाहीत असा आक्षेप घेतला. म्हणून प्रश्न 'निकष पूर्ण होतील का' असा ठेवला तर आपल्यालाच चौदा केंद्रांचे आकडे घेऊन बसावं लागेल. 'हवामान खातं आगमन जाहीर करेल का' असा ठेवला तर एक प्रसिद्धीपत्रक पुरतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

मुंबईसाठी तर तसे केंद्रनिहाय आकडेही नाहीत, खातं सीमारेषा पुढे सरकवतं आणि 'मुंबईत दाखल' म्हणतं. तिथे जाहीर होणं हाच एक आधार. सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये केरळात २४ मे आणि मुंबईत २६ मेला दाखल झाला, मग जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. २६ मेला 'हो' म्हणून निकाल लावला की पुढे पाऊस थांबला तरी तो बदलायचा नाही, हेही प्रश्नात हवं.

हंगामाच्या एकूण पावसाचा प्रश्न कोणी करणार असेल तर दोन धोके सांगून ठेवतो. खात्याचा हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर, देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर. २०२५ चा मे महिन्यातला सगळा मोसमी पाऊस त्या हिशोबात नाहीच. आणि वर्गवारी आहे ९० ते ९५ टक्के सरासरीपेक्षा कमी, ९६ ते १०४ सरासरीइतका, १०५ ते ११० सरासरीपेक्षा जास्त. ९५.६ आला तर कुठे टाकणार? खातं पूर्णांकात जाहीर करतं म्हणून तिथे भागतं, पण आपण मिलिमीटरवरून स्वतः भागाकार करायला बसलो की भोक दिसतं. पर्याय लिहिताना '९५.५ पेक्षा कमी' आणि '९५.५ किंवा जास्त' असे एकाला एक लागून ठेवायचे.

अबोली_ठाणे

नवी मुंबई विमानतळाचं उदाहरण राहिलं. 'विमानतळ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सुरू होईल का?' ८ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, प्रवासी विमानं उडायला लागली २५ डिसेंबरला. माझ्या घरातच दोन गट पडले असते. समृद्धी महामार्गाचंही तेच. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये. 'सुरू' आणि 'पूर्ण' हे दोन शब्द आपल्या प्रश्नांत येऊच देऊ नयेत असं मला वाटतं. त्याऐवजी 'तिकीट काढून प्रवास करणाऱ्या सामान्य प्रवाशांना घेऊन पहिलं नियोजित विमान सुटेल' असं लिहावं.

मुंबई-गोवा महामार्गावर मला मनापासून प्रश्न मांडायचा आहे, कोकणातल्या प्रत्येक माणसाचा तो जिव्हाळ्याचा विषय आहे. पण 'चौपदरीकरण पूर्ण' याचा निकाल कशावरून लावायचा?

वकिलीचष्मा

अबोली, अख्ख्या रस्त्यावर प्रश्न करू नका. एखादा पूल किंवा बाह्यवळण निवडा. 'अमुक पुलाच्या दोन्ही मार्गिका वाहतुकीला खुल्या झाल्याचं राष्ट्रीय महामार्ग विभागाने किंवा केंद्रीय मंत्र्यांनी संसदेत लेखी उत्तरात सांगितलं', असं ठेवा. संसदेतली लेखी उत्तरं हा फार चांगला आधार आहे. ती तारखेसह जपली जातात आणि कोणालाही उघडून वाचता येतात. राजकीय भाषणातलं विधान मात्र आधार म्हणून कधीच धरू नये.

निफाडकर

बातमीवरही विसंबू नका, हे मी पोटतिडकीने सांगतो. ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातबंदी होती, मुदत ३१ मार्च २०२४. फेब्रुवारीत बातम्या आल्या की बंदी उठली. लासलगावला भाव एका झटक्यात चढले. दोनच दिवसांत केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी कायम आहे. भाव परत खाली. ज्यांनी त्या बातमीवर माल अडवून धरला त्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलं. त्या दिवशी 'विश्वसनीय माध्यमांत आलं तर हो' असा नियम असता, तर निकाल 'हो' लागला असता आणि तो खोटा असता.

पुढे मार्चमध्ये बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली. मधल्या काळात बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांना सरकारी मार्गाने ठरावीक टन पाठवायला परवानगी दिली. ४ मेला बंदी उठवली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आमच्या दृष्टीने तेव्हाही दार अर्धंच उघडलं होतं. मग 'बंदी उठली' कधी धरायचं? विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना, आणि तिच्यात कांद्याचं निर्यात धोरण 'प्रतिबंधित' ऐवजी 'मुक्त' लिहिलेलं आहे की नाही, एवढंच बघायचं. शुल्काचा वेगळा प्रश्न करा.

मृण्मयी_सो

निफाडकर दादा, हे वाचून माझं मत थोडं बदललं. आकडा आणि आधार लिहून ठेवला की अफवेचं बळ कमी होतं, हे पटलं. एक विनंती मात्र सगळ्यांना. माणसांच्या मृत्यूवर, शेतकरी आत्महत्यांच्या संख्येवर, कोणा खासगी व्यक्तीच्या आजारपणावर आपल्या गटाने प्रश्न मांडू नयेत. नियम म्हणूनच लिहून ठेवा.

एडिसनवासी

मृण्मयीताई, +१. काही मोठ्या ठिकाणीही यावर वाद झालेत. २०२३ मध्ये टायटन पाणबुडी बेपत्ता असताना पाणबुडी सापडेल का यावर बाजार चालू होता, ते बघवत नव्हतं.

अजून एक नियम सुचवतो. ज्याच्या हातात निकाल आहे त्याने त्या प्रश्नावर स्वतः भाकीत लावू नये. आणि ज्याच्या हातात घटना आहे त्यानेही. धरणाचे दरवाजे उघडायचा निर्णय ज्याच्याकडे आहे त्याने विसर्गाच्या प्रश्नापासून लांब राहावं.

प्रश्न निवडतानाही एक पाहा. ज्याचं उत्तर आधीच ९८ टक्के ठरलेलं आहे तो प्रश्न मांडून काही हाती लागत नाही. कोयना पावसाळ्याच्या अखेरीस नव्वद टीएमसीच्या वर असेल का, यात कोण काय शिकणार? तोच प्रश्न ३१ जुलैच्या तारखेवर आणला की दर आठवड्याला भाव हलेल.

कालवाकाठ

एडिसनवासींचं म्हणणं बरोबर आहे. उजनीसाठी १५ ऑगस्ट ही तारीख चांगली आहे. उजनीचं पाणी पुणे जिल्ह्यातल्या वरच्या धरणांवर आणि भीमेच्या खोऱ्यातल्या घाटावरच्या पावसावर अवलंबून असतं, सोलापुरात पाऊस पडला म्हणून ते भरत नाही. त्यामुळे ज्याला वरचं पाणी वाचता येतं त्याचं भाकीत इतरांपेक्षा खरंच वेगळं निघेल. दोन दुरुस्त्या. साठ्याचा आकडा जलसंपदा विभागाच्या रोजच्या अहवालातला सकाळचा धरा, दिवसभरात दूरध्वनीवरून आलेले आकडे नकोत. आणि अहवालात नंतर दुरुस्ती झाली तर किती दिवसांपर्यंतची मानायची तेही लिहा. पूर असताना आकडे मागाहून बदलतात.

पर्जन्यमापक

सगळ्यांचं घेऊन उजनीचा मजकूर असा झाला आहे:

'उजनी धरणाचा एकूण पाणीसाठा १ जून ते १५ ऑगस्ट २०२६ या काळात (दोन्ही दिवस धरून, भारतीय प्रमाणवेळेनुसार) किमान एका दिवशी ११७.२३ टीएमसी किंवा त्याहून जास्त नोंदला जाईल का? आधार: महाराष्ट्र जलसंपदा विभागाचा दैनिक धरणसाठा अहवाल, सकाळची नोंद. अहवालात फक्त उपयुक्त साठ्याची टक्केवारी दिली असेल तर १०० टक्के किंवा जास्त म्हणजे अट पूर्ण. २२ ऑगस्टपर्यंत विभागाने केलेली दुरुस्ती मान्य, त्यानंतरची नाही. एकदा अट पूर्ण झाल्यावर पुढे साठा घटला तरी निकाल बदलणार नाही. एखाद्या दिवसाचा अहवाल निघाला नाही तर तो दिवस सोडून द्यावा. सलग दहा किंवा जास्त दिवसांचे अहवाल उपलब्ध नसतील आणि उरलेल्या दिवसांत अट पूर्ण झालेली नसेल, तर प्रश्न रद्द.'

हा मी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही मांडतो. दोन मजकुरांत फरक निघाला तर मराठी मजकूर प्रमाण मानावा अशी ओळ घालतो आहे. वकीलसाहेब, ही ओळ एकदा तपासाल का? मोसमी पावसाचा प्रश्न हवामान खात्याच्या प्रसिद्धीपत्रकावर ठेवून उद्या टाकतो. मृण्मयीताईंचा नियम आणि एडिसनवासींचा नियम धाग्याच्या वरच्या भागात जोडतो आहे.

कांद्याची मुदत तेवढी ठरायची आहे. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. निफाडकर दादा, १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर ठेवली तर चालेल का?

निफाडकर

नको. दिवाळीच्या सुट्ट्या मधोमध येतात, लिलावाचे दिवस कमी पडतील. १ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर ठेवा, उन्हाळ कांदा, लासलगाव मुख्य आवार, सर्वसाधारण भाव, पाच लिलाव. लाल कांद्याचा प्रश्न डिसेंबरसाठी वेगळा करू, तेव्हा आवक खरी वाढलेली असते. आणि तीन हजार हा आकडा आत्ताच नक्की करू नका, सप्टेंबरात चाळीत किती माल शिल्लक आहे ते पाहून ठरवू. मी आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन-चार गावांतल्या चाळी बघून इथे लिहितो.

वकिलीचष्मा

मराठी मजकूर प्रमाण मानण्याची ओळ योग्य आहे, पण ती दोन्ही मजकुरांत यायला हवी, फक्त मराठीत असून उपयोग नाही. 'सलग दहा दिवस' याऐवजी 'एकूण दहा दिवस' करा. अहवाल एक दिवसाआड बंद राहिला तर सध्याच्या शब्दांत प्रश्न रद्द होणार नाही.

पर्जन्यमापक

दोन्ही बदल केले.